सूज ओसरल्यानंतरही आतडे का दुखते? चेतातंतूंवरील ग्राहींबद्दल प्रश्न

गोदाकाठ

नमस्कार. सहा वर्षांपूर्वी मला अल्सरेटिव्ह कोलायटिसचे, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला वारंवार दाह होण्याच्या आजाराचे, निदान झाले. माझे वय ३८ असून आजार मोठ्या आतड्याच्या डाव्या भागापुरता आणि गुदाशयापुरता मर्यादित आहे. सुरुवातीची चार वर्षे फार वाईट गेली. दिवसातून आठ-दहा वेळा शौचाला जावे लागे, रक्त आणि आव पडे, आणि जाऊन आले तरी पुन्हा मुरडा येई. मेसालाझिनच्या जोडीला अझाथायोप्रिन सुरू झाल्यावर हळूहळू सगळे आटोक्यात आले. गेल्या दीड वर्षात रक्त एकदाही दिसलेले नाही. तीन महिन्यांपूर्वीच्या कोलोनोस्कोपीत आतड्याचे अस्तर पूर्ण भरून आल्याचे दिसले, बायोप्सीतही सक्रिय दाह आढळला नाही, आणि मलातील कॅलप्रोटेक्टिन (आतड्यात दाह असला की वाढणारे प्रथिन) ३८ आले.

असे असूनही पोट दुखते. आठवड्यातून चार-पाच दिवस, बहुधा जेवणानंतर तासाभरात, ओटीपोटाच्या डाव्या बाजूला कळ येते, ती कमरेपर्यंत जाते आणि शौचाला जाऊन आले किंवा वायू सरला की थोडी ओसरते. नेमके कुठे दुखते ते बोटाने दाखवता येत नाही. मागच्या भेटीत एका डॉक्टरांनी अहवालांचा गठ्ठा बाजूला ठेवून सांगितले, "सगळे उत्तम आहे, तुम्ही फार विचार करता." तेव्हापासून घरातही हेच वाक्य ऐकू येऊ लागले आहे. दाह होता त्या काळात वेदनेला निदान पुरावा तरी होता. आता तोही राहिलेला नाही.

वाचताना असे कळले की आतड्यातील चेतातंतूंवर काही ग्राही असतात आणि दाहामुळे ते बदलतात. हे नेमके काय असते? दाह गेल्यावरही हा बदल टिकू शकतो का? टिकत असेल तर त्यावर काही करता येते का? जाणकारांनी सविस्तर लिहिले तरी मी शेवटपर्यंत वाचेन.

पाटीखडू

गोदाकाठ ताई, मी रुग्ण तपासणारा डॉक्टर नाही. वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली. त्यामुळे उपचारांबद्दल बोलणे दुसऱ्यांवर सोपवतो आणि वेदनेचा मार्ग कसा असतो तेवढेच सांगतो.

विद्यार्थ्यांना दरवर्षी चकित करणारी एक गोष्ट आधी सांगायला हवी. आतडे कापले तर दुखत नाही. कोलोनोस्कोपीत पॉलिप (अस्तरावर वाढलेला कोंब) कापून काढतात किंवा बायोप्सीसाठी अस्तराचा तुकडा चिमट्याने घेतात, तेव्हा रुग्ण पूर्ण जागा असला तरी त्याला ते जाणवत नाही. तोच रुग्ण आतड्यात हवा भरून ते ताणले की कळवळतो. आतड्याच्या चेतातंतूंना कळतो तो ताण, आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्याची ओढ, रक्तपुरवठ्याची तूट आणि भोवतालच्या द्रवात मिसळलेली रसायने. हे ओळखण्याचे काम तंतूंच्या टोकांवरील विशिष्ट प्रथिने करतात. त्यांना आपण ग्राही म्हणतो, बोलण्यात रिसेप्टर.

मोठ्या आतड्याच्या डाव्या भागातून आणि गुदाशयातून हे तंतू दोन वाटांनी मज्जारज्जूकडे जातात: एक वाट छातीच्या खालच्या आणि कमरेच्या वरच्या मणक्यांच्या पातळीवर पोहोचते, दुसरी माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीच्या पातळीवर. त्वचेच्या तुलनेत हे तंतू संख्येने फारच थोडे असतात आणि एकेक तंतू आतड्याचा बराच मोठा पट्टा सांभाळतो. शिवाय मज्जारज्जूत ज्या पेशींवर ते जाऊन टेकतात, त्याच पेशींवर कमरेच्या आणि पोटाच्या त्वचेचे व स्नायूंचे तंतूही येऊन टेकलेले असतात. मेंदूला निरोप मिळतो, पण तो कोणाचा हे नीट उमगत नाही. तुम्हाला दुखरी जागा बोटाने दाखवता येत नाही आणि कळ कमरेत उतरते, याचे कारण हे आहे.

आता दाहाकडे येऊ. दाह झालेल्या अस्तरात मास्ट पेशी, मॅक्रोफेज आणि इतर पांढऱ्या पेशी जमतात आणि नाना प्रकारची रसायने सोडतात. चेतातंतूंच्या दृष्टीने या रसायनांची कामे दोन प्रकारची असतात. ब्रॅडिकायनिन, फुटलेल्या किंवा ताणलेल्या पेशींतून बाहेर पडणारा एटीपी हा ऊर्जेचा रेणू आणि अस्तरातल्या पेशींमधून सुटणारे सेरोटोनिन हे तंतूला थेट चेतवतात. (शरीरातल्या एकूण सेरोटोनिनपैकी ९० टक्क्यांच्या आसपास आतड्यात असते, त्याला केवळ आनंदाचे रसायन समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.) दुसरा गट तंतूला चेतवण्यापेक्षा हळवा करतो, म्हणजे पूर्वी ज्या ताणाला तो गप्प बसत असे त्याच ताणाला आता ओरडू लागतो. प्रोस्टाग्लँडिन ई२, मास्ट पेशींतले ट्रिप्टेज हे विकर आणि एनजीएफ हा चेतावाढीचा घटक हे या गटातले मुख्य.

ट्रिप्टेजची रीत मला फार विलक्षण वाटते. बहुतेक ग्राहींना बाहेरून एखादा रेणू येऊन चिकटावा लागतो. पीएआर२ नावाचा ग्राही मात्र स्वतःची किल्ली स्वतःच्याच शेपटीत बाळगून असतो. ट्रिप्टेज त्या शेपटीचा शेंडा कापते, आणि कापल्यामुळे उघडे पडलेले टोक वळून त्याच ग्राहीच्या कुलपात बसते. तो चेतला की पेशीच्या आत साखळी सुरू होते आणि तिचा शेवट दुसऱ्या एका ग्राहीपाशी होतो. त्याचे नाव टीआरपीव्ही१.

टीआरपीव्ही१ म्हणजे मिरचीचा ग्राही. मिरचीतले कॅप्सेसिन आणि चटका देणारी उष्णता या दोन्हींना तो उघडतो, म्हणून तर तिखट खाल्ल्यावर आपण तोंड भाजले म्हणतो. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये त्याचे जनुक शोधले, आणि २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना आर्डेम पाटापुटियन यांच्यासोबत मिळाले. पाटापुटियन यांचे काम ताण आणि दाब ओळखणाऱ्या पिएझो ग्राहींवरचे आहे, आणि तेही आतड्यात आहेत. निरोगी स्थितीत टीआरपीव्ही१ उघडायला सुमारे ४३ अंश सेल्सियस तापमान लागते. ब्रॅडिकायनिन, प्रोस्टाग्लँडिन किंवा पीएआर२ यांच्या प्रभावाखाली त्याच्या रेणूला फॉस्फेट जोडले जाते आणि हा उंबरठा इतका खाली येतो की शरीराचे नेहमीचे ३७ अंश तापमानसुद्धा त्याला पुरते. दाह झालेल्या जागी आम्लता वाढलेली असते, तीही त्याच्या पथ्यावर पडते. काहीही भाजत नसताना भाजल्याचा निरोप जाऊ लागतो, तो असा.

याशिवाय आतड्यात काही तंतू असे असतात की निरोगी माणसात ते कितीही ताणले तरी बोलत नाहीत. त्यांना मूक तंतू म्हणतात. दाहाची रसायने त्यांना जागे करतात, आणि एकदा जागे झाले की साध्या वायूच्या ताणालाही ते दाद देऊ लागतात.

तुमच्या प्रश्नाचा गाभा मात्र एनजीएफमध्ये आहे. प्रोस्टाग्लँडिनचा परिणाम काही मिनिटांचा किंवा तासांचा असतो. एनजीएफ तंतूच्या टोकाला चिकटते, आत घेतले जाते आणि तंतूतून उलट प्रवास करत मणक्याजवळच्या चेतापेशीच्या मुख्य भागापर्यंत जाते. तिथे कोणती प्रथिने किती बनवायची याचा हिशेबच बदलतो: अधिक टीआरपीव्ही१ तयार होतात, विद्युतसंदेश वाहणाऱ्या सोडियम मार्गिकांचे काम वाढते, आणि हा नवा माल पुन्हा आतड्यातल्या टोकांकडे रवाना होतो. जखम भरली म्हणून हे सामान लगेच परत जात नाही. मज्जारज्जूतल्या पेशीही दीर्घकाळ निरोपांचा भडिमार झाल्यावर स्वतः हळव्या होतात.

हे केवळ उंदरांवर पाहिलेले नाही. दाह झालेल्या मानवी आतड्यात टीआरपीव्ही१ असलेले तंतू वाढलेले असतात, हे लंडनच्या संशोधकांनी २००१ मध्ये दाखवले. पुढे २०१० मध्ये तिथल्याच एका गटाने दाह शांत असलेल्या, पण पोट दुखत असलेल्या रुग्णांच्या बायोप्सी तपासल्या, तेव्हा अशा तंतूंचे प्रमाण निरोगी व्यक्तींच्या तुलनेत सुमारे चौपट आढळले. नेहमीच्या बायोप्सीत हे दिसत नाही, कारण पॅथॉलॉजिस्ट पेशी पाहतो. चेतातंतू दिसावेत म्हणून तुकड्याला वेगळा रंग (स्टेन) द्यावा लागतो आणि तो संशोधनापुरताच दिला जातो. "अहवालात काही नाही" या वाक्याचा अर्थ एवढाच, की जे पाहिले त्यात काही नाही.

पंचगंगा

पाटीखडू सर, इतके नीट कोणी समजावले नव्हते. मला क्रोन्सचा आजार आहे, म्हणजे आतड्याच्या दाहाचाच दुसरा प्रकार, लहान आतड्याच्या शेवटच्या भागात. गोदाकाठ ताईंसारखेच मलाही जेवणानंतर दुखते, त्यामुळे माझेही बहुधा हेच असावे. मी कोल्हापूरचा असूनही दोन वर्षे तिखट पूर्ण बंद केले. लग्नाच्या पंगतीत दहीभात खाणारा माणूस म्हणून माझी ओळख झाली आहे. वेदनेत तसूभरही फरक पडला नाही. मग मिरचीच्या ग्राहीचा एवढा वाटा असेल, तर मिरची सोडून उपयोग का होत नाही? आणि हा ग्राही बंद करणारी गोळी कोणी का काढत नाही?

पाटीखडू

पंचगंगा, तिखट हे त्या ग्राहीच्या अनेक कारणांपैकी एकच कारण आहे. दाहाची रसायने, आम्लता आणि शरीराची स्वतःची ऊब ही कामे मिरचीशिवाय चालूच राहतात. मिरचीने दाह निर्माण होतो असेही नाही. ती फक्त आधीपासून हळव्या असलेल्या ग्राहीला डिवचते. कॅप्सेसिनचा काही भाग न शोषला जाता मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतो आणि गुदाशयातही हे ग्राही भरपूर असतात, म्हणून झणझणीत जेवणाची आठवण दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा होते. ज्याला तिखटाने त्रास होतो त्याने ते कमी करावे, ज्याला होत नाही त्याने उगाच दहीभातावर राहू नये, असे मला वाटते. जाता जाता: पक्ष्यांच्या टीआरपीव्ही१ ची घडण जरा वेगळी असते आणि त्याला कॅप्सेसिन ओळखताच येत नाही. पोपट हिरवी मिरची मजेत खातो, तो यामुळे.

गोळीचा प्रयत्न झाला आहे. टीआरपीव्ही१ बंद करणारी औषधे माणसांवर तपासली गेली तेव्हा काहींमध्ये शरीराचे तापमान वाढले, आणि चटका बसतो आहे हे कळण्याची क्षमता मंदावली. हा ग्राही आतड्यात आहे तसाच सर्व शरीरात आहे आणि तापमान सांभाळण्यातही त्याचा हात आहे, हे त्यातून उघड झाले. म्हणून आता ग्राहीला हळवा करणाऱ्या आधीच्या पायऱ्यांकडे लक्ष वळले आहे. बेल्जियममधील लूव्हेनच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले की आयबीएसच्या (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आतड्यात दिसण्याजोगा दाह नसताना पोट दुखण्याचा आणि शौचाच्या तक्रारींचा आजार) रुग्णांमध्ये मास्ट पेशींतले हिस्टामिन एच१ ग्राहीमार्फत टीआरपीव्ही१ ला हळवे करते, आणि एबास्टिन या ॲलर्जीच्या औषधाने त्यांची वेदना कमी झाली. कोलायटिसला हे जसेच्या तसे लागू करता येणार नाही, त्यामुळे कोणी दुकानातून परस्पर आणून घेऊ नये.

गोदाकाठ

सर, मनापासून आभार. "जे पाहिले त्यात काही नाही" हे वाक्य मी घरी वाचून दाखवले. दोन शंका उरल्या आहेत. पहिली, परीक्षांच्या काळात (मी शिक्षिका आहे, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरी असतात) वेदना खरोखरच वाढते. म्हणजे डॉक्टर म्हणाले त्यात काही तथ्य आहे का? दुसरी, मी सध्या दुखले की घरातली डायक्लोफेनॅकची गोळी घेते. ती प्रोस्टाग्लँडिन कमी करते असे वाचले आहे, म्हणजे तर्काने ती योग्यच ठरते ना?

रात्रपाळी

मी पोटविकारांचा डॉक्टर आहे. शेवटच्या शंकेने सुरुवात करतो, कारण ती थांबू शकत नाही. डायक्लोफेनॅक कृपया बंद करा. तर्क वरवर बरोबर दिसतो, पण आतड्याच्या अस्तराचे रक्षण करणारी प्रोस्टाग्लँडिनेही याच गोळीने कमी होतात, आणि काही रुग्णांमध्ये शांत झालेला कोलायटिस त्यामुळे पुन्हा भडकतो. अधूनमधून अगदीच लागली तर पॅरासिटामॉल तुलनेने सुरक्षित आहे. ट्रामाडॉल किंवा कोडीनसारखी अफूवर्गीय औषधेही या दुखण्यासाठी नकोत. त्यांचे ग्राही आतड्यातही असतात, त्यामुळे आतड्याची हालचाल मंदावते, बद्धकोष्ठ होते, आणि दीर्घकाळ घेतल्यास काहींमध्ये वेदना उलट वाढत जाते.

ताणाबद्दल. मेंदूच्या तळाकडून मज्जारज्जूकडे उतरणाऱ्या वाटा असतात आणि खालून येणारा वेदनेचा निरोप त्या कमी किंवा जास्त करू शकतात. झोप नसेल, चिंता असेल, तर हा आवर सैल पडतो. ताणाच्या संप्रेरकांमुळे आतड्यातल्या मास्ट पेशीही अधिक स्राव सोडतात. म्हणजे उत्तरपत्रिकांनी वेदना वाढते हे खरे आहे, पण वाढायला आधी हळवे तंतू असावे लागतात. तुमच्या डॉक्टरांनी अर्धे वाक्य सांगितले आणि ते अर्धेही चुकीच्या सुरात सांगितले, असे मी म्हणेन. तुमच्यासारखे रुग्ण विरळा नाहीत: दाह शांत असलेल्या रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांना अशी आयबीएससदृश लक्षणे असतात. आम्हा लोकांची अडचण अशी की ओपीडीत पाच मिनिटे असतात आणि दाह मोजता येतो, वेदना मोजता येत नाही.

तरीही, चेतातंतूंवर बोट ठेवण्याआधी आम्ही दाह खरोखर नाही याची खात्री करतो. कॅलप्रोटेक्टिन ५० च्या खाली असणे आश्वासक असते, २५० च्या वर गेले तर दाह परतल्याचे धरून चालतो, आणि मधल्या आकड्यांना काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करतो. तुमचे ३८ आणि स्वच्छ कोलोनोस्कोपी पाहता दाहाची औषधे वाढवण्यात अर्थ नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण दुखते म्हणून स्टेरॉइड चालू केलेले रुग्ण मी पाहतो. तंतूंवरील ग्राहींच्या दुखण्यावर स्टेरॉइडचा उपयोग होत नाही, हाडे मात्र झिजतात. दुधातली साखर न पचणे, पित्ताम्लांमुळे होणारे जुलाब आणि डाव्या बाजूच्या कोलायटिसमध्ये वरच्या भागात साचून राहणारा मल, ही कारणेही तपासून घ्यावीत. शेवटचे कारण साध्या एक्स-रेत दिसते आणि बऱ्याचदा विसरले जाते.

त्यानंतर उपचार तंतूंच्या बाजूने. अमिट्रिप्टिलिन हे जुने औषध अगदी कमी मात्रेत, रात्री १० मिलिग्रॅमपासून सुरू करून, गरजेप्रमाणे ३० पर्यंत नेतात. नैराश्यासाठी याच्या कितीतरी पट मात्रा लागते, त्यामुळे चिठ्ठीवर नाव पाहून घरच्यांनी गैरसमज करून घेऊ नये. इथे ते वेदनेचे निरोप मंद करण्यासाठी दिलेले असते. इंग्लंडमध्ये ४६३ आयबीएस रुग्णांवर झालेल्या चाचणीत ते नकली गोळीपेक्षा सरस ठरले, आणि हे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. कोलायटिसच्या रुग्णांत आम्ही ते त्याच आधारावर वापरतो. तोंड कोरडे पडणे, सकाळी सुस्ती आणि बद्धकोष्ठ हे त्रास होऊ शकतात. हृदयाच्या ठोक्यांची तक्रार किंवा काचबिंदू असल्यास आधी सांगावे. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. चार दिवसांत गुण नाही म्हणून बंद करणारेच अधिक.

आहाराचा विचारही ग्राहींच्या भाषेत करता येतो. कांदा, लसूण, गहू, राजमा, मटकीची उसळ यांतली काही शर्करा लहान आतड्यात शोषली जात नाही. मोठ्या आतड्यात जिवाणू ती आंबवतात आणि वायू होतो. वायू सगळ्यांनाच होतो. हळव्या तंतूंच्या माणसाला तेवढ्याच वायूचा ताण कळ म्हणून जाणवतो. चार ते सहा आठवडे हे पदार्थ कमी करून मग एकेक परत आणून पाहावे, शक्यतो आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली. कायमचे सोडू नयेत, आपल्या जेवणात प्रथिने आणि चोथा याच पदार्थांतून येतो. ज्यांना शक्य आहे त्यांच्यासाठी वेदनेवर काम करणारे मानसोपचारही आहेत, विशेषतः बोधनात्मक वर्तनोपचार. वर उल्लेख केलेल्या खाली उतरणाऱ्या वाटांवर त्यांचा परिणाम होतो.

पुन्हा रक्त दिसले, ताप आला, वजन घटू लागले किंवा वेदनेने झोपेतून जाग येऊ लागली, तर या धाग्यातले सगळे बाजूला ठेवून लगेच तपासणी करून घ्या.

पंचगंगा

डॉक्टर, माझ्यासाठीही हेच लागू समजायचे का? माझी कळ जेवणानंतर लाटेसारखी येते, पोट फुगते, गुडगुड आवाज येतात, आणि गेल्या दोन महिन्यांत तीनदा उलटी झाली. उलटी झाली की बरे वाटते.

रात्रपाळी

नाही. तुमचे वर्णन ताईंच्या वर्णनापेक्षा वेगळे आहे. क्रोन्समध्ये दाह भरून येताना लहान आतड्याचा शेवटचा भाग व्रणाने आकसतो, आणि लाटेसारखी कळ, फुगलेले पोट आणि उलटीनंतर आराम ही अरुंद झालेल्या जागेची लक्षणे असू शकतात. तिथले तंतू हळवे नसले तरी दुखेल, कारण अडथळ्याच्या वरचे आतडे खरोखरच ताणले जात असते. अमिट्रिप्टिलिनने आतड्याची हालचाल मंदावून असा अडथळा आणखी बिघडू शकतो, म्हणून तुम्ही ते मुळीच सुरू करू नका. याच आठवड्यात तुमच्या डॉक्टरांना भेटून आतड्याचा सीटी किंवा एमआर एंटेरोग्राफी करायची का ते विचारा. तोपर्यंत पेरूच्या बिया, मक्याचे दाणे, कच्ची कोशिंबीर आणि शेंगांची साले टाळा, थोडे थोडे आणि मऊ खा. उलट्या थांबेनाशा झाल्या किंवा वायू सरणे बंद झाले, तर भेटीच्या वेळेची वाट न पाहता थेट तातडीच्या विभागात जा.